मोरीच्या तेलाची फटफटी

विश्राम कोयंडे वाईट माणूस होता असं विजयदुर्गात कुणीच म्हणणार नाही. हट्टी होता, हे मात्र सगळे म्हणत. त्याची बायको सावित्री तर त्याच्या तोंडावर म्हणायची, आणि तेही चारचौघांत. एकदा त्याच्या डोक्यात काही शिरलं की ते बाहेर काढणं देवाच्याही हातात नसे. देवळात कौल लावला आणि देवाने नको म्हणून डावा दिला, तर विश्राम म्हणणार, "देवाक नीट ऐकाक येवक नाय. परत इचारा."

विसाव्या वर्षी तो आगबोटीवर चढला तो इंजिनाच्या खोलीत तेलवाला म्हणून. तेलवाल्याचं काम एकच, फिरत्या लोखंडाला तेल पाजत राहायचं आणि कुठे काही कुरकुरतंय का ते कान देऊन ऐकायचं. अशी वीस वर्षं गेली. एडन झालं, मोंबासा झालं, लिव्हरपूल झालं. पण विश्रामला कुणी विचारलं, "लिव्हरपूल कसा आसा रे?" तर तो म्हणायचा, "गरम." बिचाऱ्याने पाहिलं काय होतं, तर बोटीचं पोट! मुंबई आणि लिव्हरपूल यांत त्याला फरक एवढाच, की मुंबईत डाळ बरी मिळायची.

दोन-अडीच वर्षांनी एकदा घरी यायचा आणि तीन महिने राहून परत जायचा. गोवा मोकळा झाला त्या हिवाळ्यात तो असाच आला. पडवीच्या पायरीवर पाय धुवत होता, तेवढ्यात त्याची सात वर्षांची मथुरा खांबाआडून म्हणाली, "बाबा, तू परत कधी जातलंस?"

पोरीने साधंच विचारलं होतं. पाहुण्याला विचारावं तसं. विश्रामच्या हातातला तांब्या हातातच राहिला. त्याला इतकं वाईट वाटलं की दुपारी बांगड्याचं तिखलंही गोड लागेना. हात धुवून उठला आणि सावित्रीला म्हणाला, "संपला. आता बोट नाय."

"आणि खातलंस काय? वारो?" सावित्री म्हणाली.

खरं तर विश्रामकडे त्याचं उत्तर नव्हतं. पण हट्टी माणसाला उत्तर नसलं तरी चालतं, आधी निश्चय लागतो. आठ दिवस तो बंदरावर बसून विचार करत होता. नवव्या दिवशी त्याने जाहीर केलं, की आपण फटफटी घेणार.

आता हे वाटतं तेवढं वेडं नव्हतं. आंब्याच्या दिवसांत मुंबईचा भाव रोज सकाळी देवगडला तारेने यायचा, आणि गिर्ये, पडेल, विजयदुर्गच्या बागायतदारांना तो कळेपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा. तोवर आंबे पेटीत जाऊन पेटी वाटेला लागलेली. विश्रामचं म्हणणं असं, की तार देवगडात आली की फटफटीवरून दुपारच्या आत ती बागेबागेत पोचवायची. आंबे संपले की लोकांची औषधं आणायची, टपाल आणायचं, अडल्यानडल्याला नेऊन सोडायचं. सगळी तालुकाभर पायी चालतात, म्हणजे फटफटीला मरण नाही!

बोटीवर साठवलेलं सगळं त्याने त्या गाडीत घातलं. कोल्हापूरच्या इंगवले शेटनी दुकानातली काळी कुळकुळीत, टाकीवर सोनेरी पट्टा असलेली गाडी पुसून दिली, कपाळाला कुंकू लावलं आणि हातात गॅरंटीचं कार्ड ठेवलं. "सा म्हयनं काय बी होऊ द्या पावणं, आमी हाय," असं म्हणाले. विश्रामने ते कार्ड घरी नेऊन देवघरात ठेवलं. सावित्रीने त्यालाही रोज हळदकुंकू वाहिलं. कार्डावर इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचून घ्यावं, असं मात्र कुणालाच सुचलं नाही.

आणि इथेच विश्रामने तो उद्योग केला.

आमच्या बंदरात नवी होडी पाण्यात घालायची झाली की आधी तिला तेल पाजतात. मोरीचं तेल. मोरी म्हणजे मुशी, शार्कच्या जातीचा मासा. त्याच्या काळजाचं काढलेलं हे तेल लाकडाला असं धरतं, की खारं पाणी दहा वर्षं डोकं आपटून गेलं तरी फळी कुजत नाही. विश्रामच्या बापाने लावलं, आज्याने लावलं. इंजिनाच्या खोलीत वीस वर्षं काढलेला माणूस, पण घरी आला की आज्याचाच नातू! समुद्राचा वारा लोखंड खातो हे त्याने पाहिलेलं. त्याने फटफटी अंगणात उभी केली, डबा घेतला आणि टाकी, दांडे, चाकांचे आरे, पत्रे, काही म्हणून सोडलं नाही, सगळ्याला मोरीचं तेल चोळलं. सीटलाही चोळलं. चामडं तरी का वंचित राहावं?

दर पंधरवड्याला हा अभ्यंग चालायचा. आणि खरं सांगायचं तर गाडीला गंजाचा ठिपका आला नाही. वासाचं म्हणाल, तर विजयदुर्गात तो कुणाला आलाच नाही. तिथे ज्या दिवशी मासळीचा वास येत नाही, त्या दिवशी लोक घराबाहेर येऊन विचारतात काय झालं म्हणून.

धंदा मात्र लागला. बाया आधी मागच्या सीटवर बसायला लाजत. तो मान पहिल्यांदा घेतला सत्तर वर्षांच्या सुईण राधाबाईने. पडेलला कुणीतरी अडली होती. म्हातारीने विश्रामच्या मानेला असा विळखा घातला, की बाळ सुखरूप आलं पण विश्रामची मान चार दिवस वळेना. तारा सुरू झाल्या. बागायतदार दुपारी फाटकात येऊन वाट बघू लागले. मथुरा शाळेत सांगू लागली, "माझो बापूस हयच आसता."

आणि एप्रिलच्या भर हंगामात, पडेलच्या चढावर, फटफटी कर्रकन ओरडली आणि मागचं चाक धरून बसली.

विश्रामने रस्त्यावरच कान लावला. गिअरच्या पेटीत तिसऱ्या गिअरच्या चाकाचे दात गेलेत, आणि तुटका दात आत अडकलाय, हे त्याला न उघडताच कळलं. अडीच महिन्यांत दात? लोखंडच कच्चं असणार. बैलगाडीत घालून फटफटी घरी आणली, तर त्याच संध्याकाळी पोस्टमनने मुंबईच्या बोट एजंटचं पत्र आणलं. तेलवाल्याची जागा आहे, अठ्ठावीस तारखेच्या शनिवारच्या आगबोटीने निघून या, नाहीतर नाव कायमचं कापलं जाईल.

देवाला जेव्हा चेष्टा करायची असते तेव्हा तो अशी दोन संकटं एकाच दिवशी घरी पाठवतो.

पत्र वाचून झालं तेव्हा सावित्री तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "हंगाम गेलो तर वरीस गेला," एवढंच म्हणाली.

विश्राम म्हणाला, "शनिवारापर्यंत गाडी नीट झाली तर मी खंय जायत नाय. नाय झाली तर बोट. तू पेटी भरून ठेव."

"भरतंय," सावित्री म्हणाली, आणि तांदूळ निवडत राहिली. विश्रामला वाटलं, ही बाई दगडाची आहे. वीस वर्षं त्याला असंच वाटत आलं होतं.

मंगळवारी त्याने फटफटी कोल्हापूरला जाणाऱ्या आंब्याच्या लॉरीत चढवली. फोंडाघाट चढेपर्यंत सगळं ठीक होतं. घाटावरचा वारा लागला तशी ड्रायव्हरने गाडी थांबवली, उतरला, चाकं बघितली, पेट्या बघितल्या आणि मग विश्रामकडे बघितलं. "काय मेलाय काय मागं?" शेवटी फटफटीला सहा गोणपाटांत गुंडाळलं आणि सगळ्यात मागे बांधलं. त्या हापूसचा पहिला ग्राहक कोण झाला आणि तो काय म्हणाला, हे आपल्याला ठाऊक नाही तेच बरं.

बुधवारी सकाळी इंगवले शेटच्या दुकानासमोर हमालांनी फटफटी उतरवली, गोणपाट सोडलं आणि मजुरी न मागता पळाले.

इंगवले शेट माणूस सज्जन. पण गळ्यात तुळशीची माळ. अंडं सोडा, लसूणही मोजून खाणारा. तो हसत हसत पायरीपर्यंत आला आणि तिथेच उपरणं नाकाला लावून उभा राहिला.

"पावणं, ह्यो वास कसला म्हनायचा?"

"तेल लावलंय शेट, बाहेरून. गंज चढू नये म्हणून," विश्राम कचेरीतली मराठी काढून म्हणाला. "तिसऱ्या गिअरचे दात गेलेत. गॅरंटी आहे." आणि त्याने हळदकुंकवाने भरलेलं कार्ड पुढे केलं.

"कसलं तेल?"

विश्रामला खोटं बोलता येत असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. "मोरीचं. म्हणजे माशाचं."

शेटनी कार्डावरचं कुंकू झटकून एका ओळीवर बोट ठेवलं. कंपनीने सांगितल्याशिवाय दुसरं तेल घातल्यास गॅरंटी रद्द. "मासा गिअरात गेला, माशानं दात खाल्लं, आमचा संबंध न्हाई," शेट म्हणाले.

"आत नाही घातलं शेट. मी इंजिनातला माणूस. आत कसा घालीन?"

"न्हाई कशावरनं?"

"उघडून बघा!"

उघडणार कोण? मिस्त्री वासाला तयार होईना. शेट म्हणाले, गाडी घेऊन जावा. विश्राम म्हणाला, नीट केल्याशिवाय नेणार नाही. आणि दुकानाच्या पायरीच्या कोपऱ्यावर जाऊन बसला. गाडी हलवावी म्हटलं, तर मागचं चाक धरलेलं, आणि उचलायला हमाल येईना. गल्लीतल्या सगळ्या हमालांना एव्हाना बातमी लागली होती.

दुपारपर्यंत पहिली मांजर आली. मग तिची बहीण आली. संध्याकाळी अकरा मांजरं फटफटीभोवती बसली होती. एक बोका तर सीटवर चढून सीट चाटत होता. गाडी बघायला आलेला एक मास्तर सायकलवरून उतरला आणि न बोलता परत चढला.

गुरुवारी शेटना एक कल्पना सुचली. "धुवा तिला. सोडा घाला, गरम पानी मारा."

विश्राम उठून उभा राहिला. "शेट, पाणी मारू नका. ह्या तेलावर गरम पाणी पडलं तर..."

"तुमी बसा गप!"

विश्राम परत पायरीवर बसला. त्याला सांगायचं ते त्याने सांगितलं होतं. चार बादल्या गरम पाणी पडलं, वर एप्रिलचं ऊन पडलं, आणि जे काही वर उठलं त्याचं वर्णन करू नये. पलीकडच्या मिठाईवाल्याने फळ्या लावून घेतल्या. मांजरं एकवीस झाली. विश्राम पायरीवर बसून भाकरी खात होता आणि त्या वासाने त्याला उलट घरची आठवण येत होती. हसू येण्याऐवजी त्याला रडू येऊ लागलं. दोन दिवस राहिले होते. सावित्री आता पेटीत लोकरीची बंडी घालत असेल.

आणि त्या वासाने आणखी एकाला घरची आठवण आली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत सत्यवान नावाचा दुसरा एक मिस्त्री होता. घाटाखालच्या फोंड्याचा. आजोळ देवगडचं. नोकरीसाठी घाट चढून आलेला आणि सहा वर्षांत मासळी न चाखलेला. दोन दिवस तो शेटच्या भीतीने गप्प राहिला. शुक्रवारी सकाळी त्याला राहवेना. पाने घेऊन पुढे आला, मांजरं हाकलली, फटफटीशी उकिडवा बसला आणि आधी एक लांब श्वास घेतला.

"आजयेच्या घरचो वास इलो रे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. शेटला वाटलं, वासाने.

मग सत्यवानाने गिअरची पेटी उघडली. आतल्या तेलात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि शेटसमोर धरलं. "शेट, माझ्या नाकाची शपथ. बाहेर मोरी हाय, आत मोरी न्हाई. आत कंपनीचंच तेल. आणि ह्यो बघा तुटका दात. आत लोखंडाचा दाणा बघा कसा हाय, बिस्किटावानी. चाकच कच्चं आलंय."

शेटनी लांबूनच पाहिलं. माणूस सज्जन होता म्हणून खोटं रेटेना. "बरं. कंपनीला लिवतो. म्हयन्यात नवं चाक यील."

"महिन्याने मी एडनात असेन," विश्राम म्हणाला. आणि मग तीन दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्याच्या तोंडून, कचेरीची मराठी सोडून, बाहेर पडलं. "शेट, उद्या माझी बोट. गाडी नीट झाली नाय तर माका जावचाच लागतला. माझा चेडू माका इचारता, बाबा परत कधी जातलंस! सात वर्षाचा चेडू! माका चाक नको शेट, माका घराकडे ऱ्हवाचा आसा!"

शेटना अर्धं कळलं. पण तीन मुली त्यांनाही होत्या, त्यामुळे कळायचं ते अर्धं बरोबर कळलं. शिवाय दुपारी चार वाजता एक पाटील जावयाला घेऊन त्याच्यासाठी ठरवलेली गाडी न्यायला येणार होते, आणि एकवीस मांजरांतून जावयाला दुकानात कसं आणायचं, हा प्रश्नही होताच. शेटनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा दुकानातल्या नव्या गाड्यांकडे.

"सत्या, त्या कोपऱ्यातल्या नव्या गाडीतलं चाक काढ आन् ह्यात बसीव. कंपनीचं आलं की तिला घालू. चारच्या आत ही बला दारातनं गेली पायजे!"

साडेतीनला फटफटी सुरू झाली. शेटनी कार्डावर शिक्का मारला आणि हात जोडले. "पावणं, गॅरंटी अजून तीन म्हयनं हाय. पन तुमी येऊ नगासा. कळवा, आमीच येतो!"

मांजरं पार वेशीपर्यंत पोचवायला आली. विश्राम रात्री फोंड्यात सत्यवानाच्या आईकडे उतरला, तिला लेकाची खुशाली सांगितली आणि उजाडताच निघाला.

शनिवारी विजयदुर्गच्या धक्क्यावर माणसं जमली होती. आगबोट बाहेर नांगरून उभी होती आणि होड्या माणसं नेत होत्या. सावित्री विश्रामची पेटी घेऊन आली होती. बरोबर मथुरा. सकाळची एसटी येऊन गेली आणि तिच्यातून विश्राम उतरला नाही. शेवटची होडी सुटायला आली, तेव्हा वरच्या रस्त्यावर फट् फट् आवाज झाला. मथुरा धावत सुटली. माणसं ओरडली, "सावित्री गो, तुझो घोव इलो! गाडयेर इलो!"

विश्रामने फटफटी धक्क्यापर्यंत आणली, उतरला, आणि बघतो तर सावित्री पेटीवर बसून ढसाढसा रडते आहे. पदर तोंडात कोंबलाय तरी आवाज आवरत नाही. वीस वर्षं तो ह्याच धक्क्यावरून होडीत बसला होता. एकदाही तिने डोळ्यांना पदर लावला नव्हता. गाठोड्याची गाठ बघायची, पत्र घाल म्हणायची आणि होडी वळायच्या आत घराकडे चालू लागायची. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"रडतंस कित्याक गो? मी जायत नाय."

"म्हणानच रडतंय," सावित्री म्हणाली. "तू जाय हुतंस तेव्हा रडलंय असतंय तर तू गेलंच नसतंस. मगे आपण खाल्ला काय असता रे?"

होडीवाल्याने हाक मारली, कोण यायचं राहिलंय का म्हणून. विश्राम तिच्याशेजारी पेटीवर बसला, आणि आगबोट भोंगा देऊन दिसेनाशी झाली तरी ती दोघं तिथेच बसून होती.